तांबड्यानं दाखवलेलं पाणी

माझं माहेर राजूरचं. गणपतीच्या पायऱ्या उतरून खाली आलं की नारळाची दुकानं लागतात ना, त्यातलं एक आमच्या बापाचं. आमचे आजे मेंढरं राखायचे, पण बापाला पायपिटीचा कंटाळा, म्हणून त्यानं मेंढरं इकली आन सावलीत बसून नारळ इकायला लागला. म्हणून मी धनगराची लेक खरी, पण मेंढरू मला माहीत ते लांबूनच. नारळाचं मात्र मला इचारा. कानापासी हलवून सांगायचे, ह्यात पाणी किती, खोबरं कसं, नासका निघल का गोड. सातवी पास झाल्ते मी, आन तोंड म्हणाल तर म्याट्रिकच्याबी पुढं गेल्तं. मला वाटायचं, आपल्याइतकं शहाणं ह्या मुलखात कुणी न्हाई. आता आठवलं की हसू येतं, ताई. त्या पोरीला आज धरता आलं असतं तर दोन थपडा दिल्या असत्या, आन मंग खाऊला पैसे बी दिले असते.

एक्क्याऐंशी साली लग्न झालं आन मी हितं आले, जाफराबादच्या अलीकडं, ह्या वस्तीवर. सासरी मेंढरं, थोडी जमीन, आन माझी सासू. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. काय सांगू तुम्हाला, बाई अंगानं काडीसारखी पण आवाज असा की पूर्णा नदीच्या पल्याड चरणारं मेंढरू माघारी वळायचं. ह्या घराचा एक कायदा होता आन तो तिनं केल्ता, काम करील त्याला भाकर. माणूस असो, बैल असो, मांजर असो. मांजरानं महिनाभर उंदीर धरला न्हाई तर त्याचं दूध बंद. मी नवी नवरी, पहिल्याच आठवड्यात मला वाघर लावायला शिकवली. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायचं जाळं, खुट्या ठोकून भवतीनं लावत्यात. मी ती आतून लावली. सगळी मेंढरं बाहेर आन मी मधी एकटी कोंडलेली. आत्याबाई म्हणली, ऱ्हाऊ द्या तिला तशीच, लांडग्यानं तरी नेऊ नये.

तर तुम्ही तांबड्याचं इचारलं ना, आमच्या कुत्र्याचं, ते सांगते. आमचे हे तेव्हा तलावाच्या कामावर चौकीदार होते. तिथं एक साहेब होता, मुंबईकडचा, त्याच्यापासी एक कुत्रं होतं, आन कुत्रं म्हणावं का काय म्हणावं. नवं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून उन्हात ठेवलं की कसं दिसतं, तसा रंग. कान लांब, पोटाखाली न पायाला झालर, आन शेपटी अशी केसाळ की मला तिचा हेवा वाटायचा, माझी येणी तिच्या निम्म्यानं होती. साहेबाची बदली झाली मुंबईला, वरच्या मजल्यावर खोली, हे जनावर तिथं ठिवायचं कुठं? त्यानं ते आमच्या ह्यांच्या हवाली केलं. जीप चालूच होती, साहेबाच्या डोळ्यात पाणी, घाईघाईनं सांगून गेला. ह्याला बांधून ठेवू नका, पळायला लागतं. मारू नका, मनाला लावून घेतो. अक्कल उशिरा येते ह्या जातीला, तीन वर्षांचा झाला तरी पिल्लूच असतो, धीर धरा. आन पळता पळता एकदम थांबला, पाय उचलून उभा राह्यला, की समजा तिथं काहीतरी आहे.

एवढं बोलला आन गेला. काय आहे ते काही सांगितलं न्हाई. आन त्या एका शब्दावर पुढं जी आमची गंमत झाली ती आजवर हा सगळा शिवार सांगत असतो.

साहेबानं त्याचं नाव कायतरी इंग्रजी ठिवल्तं, ते आत्याबाईच्या जिभेला मानवलं न्हाई, तिनं पहिल्याच दिवशी तांबड्या म्हणलं आन तेच राह्यलं. म्हणली, गोदा, ह्याला काय काम येतं? मी म्हणलं, राखण करील की आत्याबाई, केवढं थोरलं धूड हाय. मंग काय, वाघरीपासी त्याची जागा ठरली. एका दुपारी आम्ही सगळे खळ्यावर, आन घरी आला कोंबडीचोर. शेजारणीनं लांबून बघितलं. तांबड्यानं त्याचं असं स्वागत केलं जसा जावई आलाय. दोन पाय त्याच्या छातीवर, तोंड चाटून काढलं, चोर घाबरून पळाला तर हा खेळ समजून त्याच्या मागं ओढ्यापर्यंत गेला. कोंबडी गेली ती गेलीच. आम्ही आलो तर हा दारात शेपूट हलवून राह्यला आन तोंडात त्या चोराची एक चप्पल. माझ्या पायापासी आणून ठिवली, अगदी अदबीनं, दात सुद्धा लागला नव्हता. आत्याबाई म्हणली, चोरानं कोंबडी नेली, ह्यानं चप्पल आणली, सौदा बराबर झाला. आता दुसऱ्या चपलीसाठी दुसरी कोंबडी बांधून ठिवा.

आन भुंकायचा न्हाई हो! गावची कुत्री रातभर गळा काढायची, हा आपला चूप. मी मात्र त्याच्यावर जीव टाकून बसले. माझ्या फणीनं त्याची झालर विंचरायचे, गोखरू काढायचे. आत्याबाई बघायची आन म्हणायची, सुनेच्या डोक्याला तेल न्हाई न कुत्र्याचा भांग पाडून राह्यली. खरं सांगू का, परक्या घरात माझ्या येण्यानं खुश होणारं ते एकच जनावर होतं. पाण्याला जाऊन आले तरी असा नाचायचा जसं मी काशीहून आले. हे घरी यायचे तर मान वर करून बघायचे सुद्धा न्हाई. म्हणून त्याला ह्या घरात ठिवायचं, काय वाट्टेल ते करून ठिवायचं, हे मी मनात धरलं. आत्याबाईनं बजावलंच होतं, दिवाळीपर्यंत काम दाखव, न्हाईतर भाऊबीजेला माझा भाऊ येतो त्याच्या संगं लावून देते. तिचा भाऊ तिकडं जांब समर्थच्या बाजूला, मोसंबीचा बाग होता त्याचा. दादामामा म्हणायचो आम्ही.

तो उन्हाळा लई कडक. आमच्या रानात विहीर नव्हती. मामंजींनी, म्हंजी सासऱ्यांनी, पाणाड्या बोलवला. तुम्ही बघितलाय का पाणाड्या? तळहातावर नारळ आडवा ठिवायचा आन रानातून चालायचं, जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं खाली झरा. आमचा पाणाड्या मोठा मानाचा, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, तोंडातून शब्द काढायचा न्हाई. पुढं तो, मागं मामंजी, मागं हे, मागं मी घागर घेऊन, आन सगळ्यात मागं तांबड्या. मी त्याला घरी बांधला न्हाई, साहेबानं सांगितलं होतं ना बांधू नका.

निम्मं रान झालं, नारळ काही हालंना. आन काय झालं कुणास ठाऊक, तांबड्याला वाटलं हा नारळ त्याच्यासाठीच चाललाय. उडी मारली, पाणाड्याच्या हातावरनं नारळाची शेंडी अल्लाद दातात धरली आन सुटला. पाणाडी बुवा बोंबलला, तोंडातून शब्द न काढणारा माणूस, असल्या शिव्या दिल्या की त्यातल्या दोन मला नव्या होत्या. आम्ही सगळे मागं. हा नागमोडी पळतोय, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आन बांधाकडंच्या बोरीपासी आला आन एकदम थबकला. जसा कुणी खिळा ठोकला. नारळ तोंडातून खाली पडला. एक पाय वर, शेपटी सरळ मागं, मान पुढं, अंगाला बारीक कापरं. डोळ्याची पापणी हालंना.

आन नारळ पडला तो बरोबर उभा, शेंडी वर करून.

आता सांगा, ताई. नारळ उभा, कुत्रं उभं. मी नारळवाल्याची लेक, मी वरडले, मामंजी, पाणी! साहेब म्हणाला होता, थांबला की तिथं कायतरी हाय! मामंजींनी हात जोडले. ह्यांनी टोपी काढली. पाणाड्या आधी रागानं लाल झाल्ता, मंग त्यानं त्या कुत्र्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, आन म्हणाला, आता दक्षिणा बी त्यालाच द्या. गेला निघून. मामंजींनी खरंच तिथं नारळ फोडला आन पहिला तुकडा तांबड्याला दिला.

कुदळ मारायच्या आधी बोरीखालचं झुडूप साफ करायला गेलो तर आतनं भुर्रकन तितर उडाला. खाली अंडी. झालं, माझं डोकं पुन्हा चाललं. म्हणलं, बघा, पाखरू अंडी कुठं घालतं, जिथं ओल असती तिथं, हे बी एक प्रमाण! सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी आत्याबाई कमरेवर हात ठिवून उभी होती. म्हणली, अंड्याला धक्का लावू नका, खड्डा जरा बाजूला घ्या. एवढंच बोलली. तिला तेव्हाच कळलं होतं का काय, पण सांगायची न्हाई ती बाई, माणसाला पुरतं खड्ड्यात जाऊ द्यायची.

खणलं बाई, खणलं. माती निघाली, मुरूम निघाला, मंग निघाला काळा फत्तर, पहार मारली की ठिणग्या. थेंब न्हाई. रोज सांजंला सगळं गाव बघायला यायचं. कुणी म्हणायचं, गोदे, कुत्र्याला आत सोड, त्यालाच बरोबर माहीत कुठं खणायचं. कुणी म्हणायचं, आमच्या मांजरीला तेल सापडतं, बोलवू का? आन तांबड्या खड्ड्याच्या कडंला बसून खुशीत शेपूट हलवून राह्यला, त्याला वाटायचं एवढी माणसं त्यालाच भेटायला येतात. शेवटी मामंजींनी पहार टाकली आन म्हणाले, बास, पावसाचं पाणी साचल तेवढं साचू द्या. त्या खड्ड्याला आजबी कुत्र्याची विहीर म्हणतात.

पुढं पावसाळ्यात त्याच्या कानात कुसळ गेलं, डोकं झाडून झाडून बेजार, म्हणून मी न हे त्याला घेऊन जाफराबादला ढोरांच्या डाक्टरकडं गेलो. जीपवाला कुत्र्याला बसू देईना, मी म्हणलं बाळंतीण हाय, पदराखाली घेतला. डाक्टरनं कुसळ काढलं आन म्हणाला, अहो हे जनावर हितं कसं? मी विहिरीची सगळी हकीकत सांगितली. माणूस हसता हसता खुर्चीवरनं उठून बाहेर गेला, नळाखाली तोंड धुऊन आला, पुन्हा माझ्याकडं बघितलं आन पुन्हा गेला.

मंग त्यानं ह्याचं खानदान सांगितलं. सेटर म्हणतात ह्या जातीला. इंग्लंडाच्या पल्याड आयर्लंड म्हणून मुलूख हाय, तांबडं तिथलं. आणखी दोन घराणी, एक इंग्लंडचं, पांढऱ्यावर ठिपके, आन एक स्काटलंडचं, काळं आन तपकिरी. लई जुनी जात, बंदुकीच्या आधीची. तेव्हा शिकारी लोक जाळं घेऊन जायचे. कुत्र्याला तितराचा, लाव्याचा वास आला की त्यानं भुंकायचं न्हाई, झडप घालायची न्हाई, पोट भुईला टेकून चूप बसायचं, आन मंग शिकारी मागून जाळं टाकायचे, कधी कधी पाखरंबी त्यात आन कुत्रंबी त्यात. शेकडो वर्षं हेच शिकवलं, ते रक्तात भिनलं. माणसाशी दोस्ती, दिवसभर पळणं, आन वास आला की पुतळा. म्हणाला, बाई, त्यानं तुम्हाला तितर दाखवला, तुम्ही पाणी शोधलं. आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, तुम्हीबी टोपी काढली होती, इसरू नका. मी हळूच इचारलं, जगतं किती हे? डाक्टर म्हणाला, दहा-बारा वर्षं, नीट ठिवलं तर वर एखाद-दोन. मी वर्षं सोडून दिवस मोजायला लागले. दिवाळी तर दोन महिन्यावर आल्ती.

घरी येऊन मी आत्याबाईला सगळं सांगितलं, एवढ्या मोठ्या खानदानाचं हाय, राजेलोक पाळायचे. ती म्हणली, मंग राजाकडं पाठव. आपण तितर खात न्हाई, आन जाळं आपल्याकडं हाय ते मेंढरांचं.

भाऊबीजेला दादामामा आला, पेढे घेऊन, आन संगं कुत्र्यासाठी नवा पट्टा. मोसंबीच्या बागेला राखण म्हणून. मी ओवाळणीचं ताट केलं, पोळ्या लाटल्या, सगळं केलं, पण माझ्या वाटणीची पोळी तांबड्यालाच घातली. ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं. सांज व्हायला आल्ती, हे मेंढरं घेऊन आले, आन एक पहिलारू मेंढी वरडायला लागली. आत्याबाईनं हात लावून बघितलं, म्हणली, अरे ही व्याली! पिल्लू कुठाय? आता ती पोरगीच, पहिल्या खेपेची, रानात व्याली आन पिल्लू टाकून कळपामागं पळत आली, अक्कल कुठली. माझ्यासारखीच. आत्याबाईचा जीव खालीवर. मेंढरू म्हंजी तिचं लेकरू, आन लांडगा सांजंलाच निघतो.

सगळे तुरीत शिरलो. तूर डोक्याएवढी. मेंढी आणली तर ती भांबावलेली, इकडंतिकडं वरडायची नुसती. नवं पिल्लू अशा वख्ताला आवाज करत न्हाई, दबून बसतं, पायाखाली आलं तरच कळायचं. गावची दोन कुत्री आणली तर ती भुंकून राह्यली, आत्याबाईनं दगड मारून हाकलली, म्हणली ह्यांच्या आवाजानं पिल्लू आणखी दबतंय. उजेड जाऊन राह्यला. आन तेवढ्यात तांबड्या नवा पट्टा घातलेला, दावं तोडून आला. आमच्यात एकदा फिरला, आत्याबाईचे हात हुंगले, त्या हाताला मेंढीचा वास होता, आन सुटला तुरीतून नागमोडी, नुसते तुरीचे शेंडे हालताना दिसायचे. मंग शेंडे हालायचे थांबले.

मी पुढं होऊन बघितलं. पोट भुईला टेकलेलं, नाक पुढं, पुतळा. आन मी काय म्हणले असंन? मी म्हणले, बास रे बाबा, आणखी विहीर नको! अशी शहाणी मी. डाक्टरनं समजावलं तेव्हापासनं माझ्या डोक्यात नुसता तितरच. पण आत्याबाई मला बाजूला सारून गेली. गुडघ्यावर बसली, तुरीचं खोड हातानं बाजूला केलं. तांबड्याच्या नाकापासून वीतभर पिल्लू, ओलं, डोळे मिटलेले, जितं. हा त्याला शिवला नव्हता, भुंकला नव्हता, वाट बघून राह्यला होता कुणीतरी येईल म्हणून. जी त्याची खोट म्हणून आम्ही मोजत होतो, भुंकत न्हाई, धरत न्हाई, चावत न्हाई, तीच त्या पिल्लाच्या कामाला आली.

आत्याबाईनं पिल्लू पदरात घेतलं. दुसऱ्या हातानं तांबड्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आन दादामामाच्या हातात दिला. मामा म्हणाला, आगं अक्का, मंग माझं कुत्रं? ती म्हणली, कोणतं कुत्रं? हा आमचा मेंढक्या हाय. तू पेढे खा आन जा, आन ओवाळणी काय टाकली तेबी अजून मी बघितली न्हाई.

मंग काय, तेव्हापासनं मेंढ्या व्यायच्या दिवसात तांबड्याशिवाय आमचं पान हालायचं न्हाई. दुसऱ्या वस्तीवरचे धनगर बी यायचे, अक्का, तांबड्या द्या जरा, एक पिल्लू घावंना. आत्याबाई त्याला न्हाऊ घालून पाठवायची, पोरगी सासरी पाठवतात तशी, आन सांगायची, त्याला भाकर आधी द्या, काम मागून.

लई जगला हो तो. आमच्याकडं गावची कुत्री चार-पाच वर्षांत जातात, कुणी लांडग्यानं, कुणी जीपखाली. माझी थोरली लेक सातवी पास झाली तेव्हाबी हा दारात बसून होता, तोंड पांढरं झालेलं, कान ऐकंना, डाक्टरनं सांगितलं त्याच्यावर बी वर्ष काढलं. शेवटी शेवटी वासबी येईना, नुसता उन्हात पडून राह्यचा. दात गेले. तेव्हा आत्याबाई, तीबी वाकलेली, दुधात भाकर कुस्करून बोटांनी भरवायची. मी एकदा मुद्दाम चिडवलं, म्हणलं, आत्याबाई, आता ह्याचं काम काय? तुमचा कायदा काय म्हणतो? ती म्हणली, जगून राह्यलंय ना, ते काय कमी काम हाय? कर बघू तू त्याच्या वयाला. आन तांबड्या एका सकाळी उठलाच न्हाई, झोपेतच, पाय असे पुढं पसरून. तिनं आपलं घोंगडं दिलं त्याच्यावर घालायला. रडलो आम्ही दोघी, मंग कोंबडीचोराची गोष्ट निघाली आन रडता रडता हसायला लागलो, हे बाहेरनं बघून म्हणाले, बायांना लागीर झालं.

आत्याबाई गेली. मेंढरं बी गेली, आता सगळीकडं कपाशी न सोयाबीन, चारायला रान कुठं हाय? पोरगा जालन्याला कामाला, सून हितं शेत बघती, लई कष्टाची पोर. आन मी? मी वसरीत बसून राह्यते, ऊन फिरल तसं बाज फिरवते, येईल त्याचं हसून स्वागत करते, भुंकायचं तर कधीच सोडलं. काम म्हणाल तर काडीचं न्हाई. पण सून दोन येळा गरम भाकर आणून ठिवती, वर म्हणती, आत्याबाई, दूध घालू का, दातांना सोपं जाईल. घाल म्हणते. ह्या पोरीला देव उदंड आयुष्य देवो, आन तुम्हाला बी, ताई, एवढं म्हातारीचं बोलणं लिहून घेतलं. आता ती वही मिटा, सूनबाईनं तुमचं बी ताट वाढलंय, आन काम काय केलं म्हणून इथं कुणी इचारणार न्हाई.